संगणक-खोलीची किल्ली

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळापुढे येत्या बैठकीत एक ठराव येणार आहे. बालविभागातल्या दोन संगणकांवर समाजमाध्यमांची सर्व संकेतस्थळे कायमची बंद करावीत, आणि अठरा वर्षांखालील कोणाही वाचकाला वाचनालयाच्या आवारात मोबाईल वापरू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. ठराव मांडणारे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक आहेत. मी त्यांना थोरल्या भावाच्या ठिकाणी मानतो आणि मुलांविषयीची त्यांची कळकळ मी पंचवीस वर्षे जवळून पाहिली आहे. मी स्वतः जळगाव जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. तरीही या ठरावाचा अर्धा भाग मला मनापासून पटतो आणि उरलेल्या अर्ध्याला मी विरोध करणार आहे. बैठकीत बोलायला पाच-सात मिनिटे मिळतात. हा प्रश्न मात्र खान्देशातल्या प्रत्येक शाळेपुढे आणि गावोगावच्या वाचनालयापुढे आज ना उद्या उभा राहणार आहे, म्हणून तो सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

आधी पटणारा भाग. समाजमाध्यमांमुळे मुलांचे काही बिघडत नाही, असे आता कोणी म्हणू नये. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल ग्रामीण भारताविषयी आहे. त्यानुसार १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या एखाद्या कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख प्रवक्त्याने, मे २०२३ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात, दिवसाला तीन तासांहून अधिक वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या किशोरवयीनांमध्ये नैराश्य आणि चिंता यांच्या लक्षणांचा धोका दुप्पट असल्याचे नोंदवले आहे. त्याआधी, २०२१ साली, फेसबुक कंपनीच्या अंतर्गत पाहणीचे कागद बाहेर आले. आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी, इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढले असे सांगितल्याची नोंद त्यांत होती. आपल्या मालाने मुलींना काय होते हे कंपनीला ठाऊक होते, आणि माल तसाच विकला जात राहिला. याचा राग येणे स्वाभाविक आहे आणि तो मलाही येतो.

वर्गात जे दिसते ते या आकड्यांहून वेगळे नाही. पहिल्या तासाला पेंगुळलेली मुले पूर्वी पहाटे केळीच्या बागेत पाणी धरून आलेली असायची. आता त्यांतली बरीचशी रात्री एक वाजेपर्यंत रील पाहून आलेली असतात. अर्धे पान सलग वाचताना मुलांची नजर ओळ सोडून जाते, हे मी गेल्या सात-आठ वर्षांत वाढत चाललेले पाहिले आहे. त्यामुळे शाळेच्या वेळेत मुलाच्या हाती त्याचा स्वतःचा मोबाईल नसावा, या मताचा मी आहे. फ्रान्सने २०१८ साली कायदा करून साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत मोबाईल वापरण्यास बंदी केली. त्यात मला काही जुलूम दिसत नाही. चाळीस-पन्नास जणांनी मिळून पस्तीस मिनिटे एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावे, अशी जागा मुलाच्या आयुष्यात आता वर्गाखेरीज फारशी उरलेली नाही. ती राखणे हे शाळेचे काम आहे.

मात्र ती राखण्याची रीत आपल्याकडे फार वाईट आहे. मोबाईल सापडला की तो जप्त करायचा, महिनाभर कपाटात ठेवायचा, बापाला रोज बुडवून शाळेत बोलवायचे आणि वर्गासमोर त्याच्याकडून माफी मागून घ्यायची, हे प्रकार मी पाहिले आहेत. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाचा मानसिक छळही निषिद्ध ठरवला आहे, याची आठवण अशा वेळी कोणाला होत नाही. दुसरे असे की, पारोळा किंवा धरणगावच्या बाजूने एस.टी.ने येणाऱ्या मुलीजवळ घरच्यांनी मोबाईल दिलेला असतो तो संध्याकाळची गाडी चुकली तर कळवता यावे म्हणून. तिने तो सकाळी बंद करून कार्यालयात द्यावा आणि सुटीच्या घंटेला परत घ्यावा, एवढी व्यवस्था शाळेला सहज करता येते. धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांत तर याहून नाजूक प्रश्न आहे. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या आईबापांचा आवाज त्या मुलांना सहा महिने मोबाईलवरच ऐकायला मिळतो. तिथे नियम करताना रोजचा एक तास या बोलण्यासाठी राखूनच तो केला पाहिजे.

आणखी एक गोष्ट आम्हा शिक्षकांना स्वतःशी कबूल करावी लागेल. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा मुलांना समाजमाध्यमांच्या दारात आम्हीच नेऊन उभे केले. पाचवीच्या वर्गाचे व्हॉट्सॲप गट आम्ही केले, गृहपाठ त्यावर टाकला, वहीचे फोटो त्यावर मागवले. व्हॉट्सॲपची स्वतःची किमान वयाची अट तेरा वर्षांची आहे. ती आम्ही वडिलांचा नंबर घालून ओलांडली. त्या दिवसांत दुसरा मार्ग नव्हता हे खरे. पण शाळा सुरू होऊन इतकी वर्षे झाली तरी ते गट तसेच चालू आहेत. रात्री साडेनऊला गटावर उद्याचा प्रकल्प टाकणाऱ्या शाळेने सकाळच्या प्रार्थनेनंतर मोबाईलचे दुष्परिणाम सांगावेत, यातली विसंगती मुलांना आमच्या आधी कळते. शाळेला निर्बंध घालायचेच असतील तर पहिला निर्बंध तिने स्वतःवर घालावा: गृहपाठ फळ्यावर आणि वहीत, पालकांसाठीचा निरोप पालकांनाच, आणि संध्याकाळी सहानंतर काहीही नाही.

आता ज्या भागाला माझा विरोध आहे त्याकडे येतो. त्यासाठी एक घटना सांगणे भाग आहे. शाळेचे, गावाचे नाव मी घेणार नाही. नववीतल्या एका मुलीचा स्नेहसंमेलनातला नऊवारीतला फोटो कोणीतरी उचलला, तिच्या नावाचे खोटे खाते इन्स्टाग्रामवर उघडले आणि त्यावरून मुलांशी घाणेरडे बोलणे सुरू केले. मुलीला हे कळले ते पंधरा दिवसांनी, बसथांब्यावर ऐकू आलेल्या शेऱ्यांवरून. तिने घरी सांगितले नाही, कारण सांगितले तर मोबाईल जाईल आणि त्यामागोमाग शाळा जाईल, अशी तिला भीती होती. शाळेतही सांगितले नाही, कारण आदल्याच आठवड्यात ‘इन्स्टाग्रामवर असणाऱ्या मुलींची नावे वर्गात वाचून दाखवली जातील’ अशी सूचना फिरली होती. शेवटी गोष्ट बाहेर आलीच. शाळेने तातडीने मोबाईलबंदीचे पत्रक काढले. ते पत्रक मुलांनी कधी पाळले नाही. मुलींच्या घरी मात्र ते आज्ञेसारखे गेले आणि पाच-सहा मुलींचे मोबाईल काढून घेतले गेले. ज्या मुलीवर अन्याय झाला तिचे नाव दुसऱ्या सत्रात हजेरीपटावर होते, ती नव्हती. खोटे खाते कोणी उघडले याची चौकशी कोणी केली नाही. ते खाते बंद करण्यासाठी कंपनीकडे तक्रार करता येते, सायबर गुन्ह्यासाठी १९३० आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत, अल्पवयीन मुलीच्या बाबतीत मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदाही लागू होऊ शकतो, हे त्या मुलीला कोणी सांगितले नव्हते. खरे तर शाळेतल्या आम्हा बाराजणांपैकी नऊ-दहा जणांना स्वतःलाच ते माहीत नव्हते.

ही घटना मी वारंवार आठवतो, कारण सरसकट बंदी प्रत्यक्षात कोणावर येऊन पडते ते तिच्यात स्पष्ट दिसते. बंदीमुळे ती गोष्ट थांबत नाही. तिच्याविषयी मोठ्यांशी बोलणे तेवढे थांबते. चोरून वापरणाऱ्या मुलाला त्रास झाला तर त्याला आधी आपण नियम मोडल्याची कबुली द्यावी लागते आणि मग मदत मागावी लागते. चौदा वर्षांच्या मुलाकडून एवढ्या धैर्याची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. ‘असर’च्याच अहवालात, समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांना एखादे खाते ब्लॉक करणे किंवा त्याची तक्रार करणे माहीत होते, असे आहे. म्हणजे दहातल्या जवळजवळ चौघांना ते माहीत नाही. ही विद्या त्यांना कोण शिकवणार? शेतावरून थकून येणारे वडील शिकवू शकत नाहीत, आई स्वतः मुलाकडूनच मोबाईल शिकलेली असते, आणि शाळा व वाचनालय यांनी दार लावून घेतले तर शिकवायला उरतो तो गल्लीच्या कोपऱ्यावरचा सतरा वर्षांचा मुलगा.

याच ठिकाणी आपल्या भागाची आणखी एक वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे, जी मुंबई-पुण्याच्या चर्चांमध्ये आणि परदेशी कायद्यांमध्ये सुटून जाते. तिकडच्या विचारात एक मूल आणि त्याचा एक मोबाईल असे चित्र गृहीत असते. आमच्याकडे बहुतेक घरांत एक मोबाईल आणि पाच माणसे असतात. मुलगा पाहतो ते वडिलांचे खाते. यंत्राच्या दृष्टीने तो बेचाळीस वर्षांचा पुरुष असतो. त्याच्यापुढे येते तेही बेचाळीस वर्षांच्या पुरुषापुढे ढकलले जाणारे सगळे, म्हणजे पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती, राजकारणातली शिवीगाळ आणि अर्धनग्न नाच. वयाची कोणतीही चाळणी त्याला अडवत नाही, कारण त्याचे वय तिला दिसतच नाही. अशा मुलाला वाचनालयातल्या संगणकावर, शेजारी जाणते माणूस असताना, जे दिसेल ते घरच्या ओट्यावर अंधारात दिसणाऱ्या गोष्टींपेक्षा किती तरी बरे असेल. वाचनालयाने ती जागा बंद केली तर मूल समाजमाध्यमांपासून दूर जात नाही, फक्त जाणत्या माणसापासून दूर जाते. आणि ज्या घरात मोबाईलच नाही, त्या घरच्या मुलाला तर ती जागा सोडून दुसरी जागाच नाही.

हाच वाद अमेरिकेत वीस वर्षांपूर्वी झाला. तिथल्या प्रतिनिधिगृहाने जुलै २००६ मध्ये ४१० विरुद्ध १५ मतांनी एक विधेयक संमत केले होते. इंटरनेटसाठी सरकारी सवलत घेणाऱ्या शाळांनी आणि ग्रंथालयांनी मुलांना गप्पांची व ओळखीपाळखीची संकेतस्थळे बंद करावीत, असा त्याचा रोख होता. मुलांना जाळ्यात ओढणाऱ्या गुन्हेगारांना आळा बसावा हा हेतू होता आणि तो प्रामाणिक होता. त्याला ठामपणे विरोध केला तो ग्रंथपालांच्या संघटनेने. समाजमाध्यम कशाला म्हणायचे याची व्याख्या इतकी पसरट होती की, शिकण्याशिकवण्याची कितीतरी संकेतस्थळे तिच्यात सापडली असती. ते विधेयक सिनेटमध्ये पुढे सरकले नाही. अश्लील चित्रांना चाळणी लावण्याचा तिथला २०००चा कायदा मात्र २००३ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला. कारण त्यात चाळणी कशासाठी हे नेमके सांगितलेले होते, आणि प्रौढ वाचकाने मागितल्यास ती काढून देता येत होती. व्याख्येची ती अडचण आजही संपलेली नाही. सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याचा कायदा ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या नोव्हेंबरात केला. त्यातून यूट्यूब आधी वगळले होते, ते पुढच्या वर्षी आत घ्यावे लागले. आमच्या ठरावात ‘समाजमाध्यमांची सर्व संकेतस्थळे’ असे शब्द आहेत. त्यात यूट्यूब येते की नाही, हे ठराव मांडणाऱ्यांनाही सांगता आले नाही. येत असेल, तर दहावीचे भूमितीचे धडेही त्याबरोबर गेले.

यूट्यूबच्या उल्लेखाबरोबर मला एक मुलगा आठवतो. बोरीकाठच्या एका खेड्यातून तो आठवीला आमच्याकडे आला, तेव्हा वर्गात तोंड उघडत नसे. उघडले की अहिराणी बाहेर येई आणि बाकीचे हसत. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षांत अहिराणी बोलणाऱ्या मुलांना ‘नीट बोल’ म्हणून टोकले आहे, याची मला आज खंत वाटते. त्या मुलाने एकदा मधल्या सुटीत मित्राच्या मोबाईलवर अहिराणीतला एक विनोदी प्रसंग पाहिला, तो धावत माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, यामा ते आपली बोली शे!” आपल्या घरची बोली लाखो माणसे ऐकतात, हे त्याला आम्ही कधी सांगितले नव्हते, ते त्याला त्या चार इंची पडद्याने सांगितले. पुढे श्रावणात त्याने आपल्या आजीकडून खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी ध्वनिमुद्रित करून आणली आणि ती सगळ्यांना ऐकवायची आहेत असे म्हणाला. आम्ही दोघांनी बसून ते काम केले. चित्रीकरणात लहान बहिणीचे तोंड दिसत होते तो भाग काढला, घराचा पत्ता कळेल असे काही राहू दिले नाही, आणि गाणी वर चढवण्याआधी आजीची परवानगी घेतली. खाली येणाऱ्या शेऱ्यांतल्या कशाला उत्तर द्यायचे आणि कशाला नाही, तेही ठरवले. समाजमाध्यमांचे शिक्षण म्हणजे काय, हे मला त्या तीन दुपारींत समजले. त्यासाठी वेगळा विषय, पाठ्यपुस्तक किंवा तज्ज्ञ लागले नाहीत. शेजारी बसणारे एक माणूस लागले आणि संगणक-खोलीची किल्ली लागली. ती किल्ली मिळवायला मात्र मला चार दिवस गेले.

किल्लीची ही गोष्ट किरकोळ नाही. खान्देशातल्या कोणत्याही शाळेत जा, संगणक-खोलीला बाहेरून कुलूप दिसेल, कारण यंत्रांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, एका शिक्षकाच्या नावावर असते आणि काही गेले-बिघडले तर उत्तर त्याला द्यावे लागते. वाचनालयातही बालविभागाची पुस्तके काचेच्या कपाटात आणि कपाटाला कुलूप, हे चित्र मी लहानपणापासून पाहत आलो आहे. ग्रंथपालाला दोष देण्यात अर्थ नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली अनुदानावर चालणाऱ्या छोट्या वाचनालयांतल्या सेवकाला जे वेतन मिळते त्यात घर चालत नाही, आणि हरवलेल्या पुस्तकाची भीती मात्र त्याच्याच मानेवर असते. जिथे माणूस पुरेसा नसतो तिथे कुलूप येते. नवा ठरावही मला त्याच सवयीतून आलेला दिसतो. मुलांच्या शेजारी बसायला माणूस नाही, म्हणून संगणकाला कुलूप. पन्नास वर्षे पुस्तकांना कुलूप लावून आपण किती वाचक घडवले, याचा हिशेब मंडळाने एकदा करावा अशी माझी विनंती राहील.

याच खान्देशातल्या अमळनेरात शंभर वर्षांपूर्वी याच्या अगदी उलट घडलेले आहे. प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेले साने गुरुजी तिथल्या वसतिगृहाचे काम पाहू लागले, तेव्हा त्यांनी मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ सुरू केले. ते हाताने लिहिलेले असे. मुलांच्या रोजच्या जगण्यातल्या गोष्टी, त्यांच्या चुका, देशातल्या घडामोडी असे सगळे त्यात येई, आणि मुले सकाळी ते वाचायला गोळा होत. मुलांना बोलण्या-ऐकण्याची ओढ असते. ती ओढ दाबता येत नाही, पण तिच्यापुढे रोज काहीतरी चांगले ठेवता येते, हे गुरुजींनी ओळखले होते. मुलांची अंथरुणे आवरण्यापासून त्यांची सेवा करणाऱ्या त्या माणसाने मुलांवर बंधने घातली नाहीत असे नाही. पण त्यांच्या बंधनांमागे ते स्वतः अष्टौप्रहर उभे असत. शिस्त आणि सोबत या दोन गोष्टी तिथे वेगळ्या नव्हत्या. आज आपण शिस्तीचा नियम करतो आणि सोबतीची जबाबदारी कोणाच्याच नावावर लिहीत नाही.

‘मुलांच्या हाती हे नको, मोठ्यांचे वेगळे आहे’ असे ठरावाच्या बाजूने म्हटले जाते, तेव्हा मला राईनपाडा आठवल्याशिवाय राहत नाही. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले हे आदिवासी गाव. १ जुलै २०१८ चा बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा व्हॉट्सॲपवरून कित्येक दिवस फिरत होत्या. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने त्या संशयावरून ठेचून मारले. निरोप पुढे ढकलणारे हात प्रौढांचे होते आणि मारणारे हातही प्रौढांचे. आपली मुले वाचवतो आहोत अशा समजुतीने ते सगळे झाले. त्यानंतर कंपनीला भारतात एका वेळी पाचच जणांना निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालावी लागली. आलेला निरोप खरा की खोटा हे तपासण्याची, चित्र कुठले आणि केव्हाचे हे शोधण्याची सवय आपल्याला कोणत्याही शाळेने लावलेली नव्हती, कारण आपण शाळेत असताना हे साधन नव्हते. आजच्या मुलांच्या बाबतीत ती सबब उरत नाही. सोळाव्या-अठराव्या वर्षापर्यंत त्यांना या माध्यमाजवळ फिरकू न देता, एका वाढदिवशी ते पूर्ण खुले करून हाती दिले, तर ती मुले राईनपाड्याच्या त्या बाजारातल्या माणसांइतकीच अनभिज्ञ असतील.

म्हणून नियम करायचेच तर ते फक्त मुलांसाठी करू नयेत. २०२२ साली महाराष्ट्रातल्या दोन गावांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करणारा ठराव ग्रामसभेत केला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. त्यात आजोबांची मालिका आणि वडिलांचे व्हॉट्सॲप दोन्ही आले. पहिल्या गावाची काळजीही खरीच होती. पण मला दुसरी वाट अधिक न्यायाची वाटते, कारण तिथे मूल एकटे पडत नाही. अमळनेर-चोपड्याकडच्या एखाद्या गावाने हे करून पाहायला काहीच हरकत नाही, आणि वाचनालयाने त्या दीड तासात बालविभाग उघडा ठेवावा.

कायद्याचा भार कोणावर असावा, याविषयी थोडक्यात. आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे, त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळलेली संमती आवश्यक केली आहे, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संमतीची तरतूद अमलात येण्यास दीड वर्षाची मुदत आहे. यातल्या पाळत आणि जाहिरातीच्या मनाईवर माझी सारी आशा आहे. पालकांच्या संमतीवर फारशी नाही. संमतीचा ओटीपी ज्या मोबाईलवर येणार तो मुलाच्याच हातात असतो, आणि यावल-रावेरकडच्या मजूर आईला तो वाचून दाखवणारेही ते मूलच असते. मुलाला खिळवून ठेवण्यासाठी जे यंत्र मुद्दाम घडवले आहे, ते सैल करण्याची सक्ती घडवणाऱ्यावर व्हायला हवी. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात दंड कंपनीला आहे, मुलाला किंवा पालकाला नाही. वयाच्या सरसकट रेषेविषयी माझे मतभेद असले तरी हा भाग आपण उचलण्याजोगा आहे. आणि जो भार सरकारने कंपन्यांवर टाकायचा, तो दोन संगणकांच्या वाचनालयाने एका चाळणीने पेलल्याचे समाधान मानू नये.

मोबाईल काढून घेण्याच्या प्रश्नावर आपल्या देशात न्यायालयाचेही मत झालेले आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली, वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मोबाईल जमा करण्याच्या नियमाला नकार दिल्याबद्दल काढून टाकलेल्या विद्यार्थिनीला परत घेण्याचा आदेश दिला, आणि इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. ती महाविद्यालयात शिकणारी, सज्ञान मुलगी होती; आठवीच्या मुलाला तो निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मी जाणतो. पण शिस्तीच्या नियमाने शिक्षणाचे साधनच हिरावले जात नाही ना, हे तपासण्याची त्या निकालाने घालून दिलेली रीत आम्हालाही लागू आहे.

बैठकीत मी ठरावाला दुरुस्ती सुचवणार आहे. वाचनकक्षात मोबाईलचा आवाज आणि रील दोन्ही बंद, आणि हे अभ्यासिकेत बसणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मोठ्या मुलांनाही लागू. संगणकांवर अश्लील आणि जुगाराच्या संकेतस्थळांना चाळणी, त्यांची यादी भिंतीवर लावलेली, आणि एखादे उपयोगी संकेतस्थळ चुकून अडले तर ग्रंथपालाला ते तिथल्या तिथे उघडून देण्याचा अधिकार. तेरा वर्षांखालील मुलाला तिथे खाते उघडू देऊ नये. त्यापुढच्या मुलांसाठी रोज संध्याकाळी पाच ते सात या वेळात दोन्ही संगणक उघडे, पडदे खोलीकडे तोंड केलेले, आणि शेजारी एक माणूस बसलेला. या माणसाच्या मानधनाची तरतूद अंदाजपत्रकात करावी लागेल, आणि यावरच खरा वाद होईल हे मला ठाऊक आहे. ती होईपर्यंत आठवड्यातले तीन दिवस मी बसायला तयार आहे. शाळेतल्या दोन सहकाऱ्यांनी आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीने उरलेले दिवस वाटून घेण्याचे मान्य केले आहे. पहिल्या महिन्यात शिकवायच्या गोष्टीही आम्ही ठरवल्या आहेत: खाते खासगी कसे ठेवायचे, खोट्या खात्याची तक्रार कशी करायची, एखादे चित्र जुने आहे की आजचे ते कसे शोधायचे, आणि काही वाईट घडले तर रागावणार नाही अशा कोणत्या माणसाकडे जायचे. संगणक-खोलीच्या किल्लीची दुसरी प्रत करून ग्रंथपालाच्या मेजावर, सर्वांना दिसेल अशी, खिळ्याला टांगून ठेवावी, हे दुरुस्तीतले शेवटचे कलम आहे.